डॉक्टर, तेवढा टीव्ही बंद करता का?

मुद्दा आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांचा वेळ फुकट जायला नको. माझं म्हणणं असं, की दवाखान्यात बाहेरच्या बाकावर बसलेल्या माणसाच्या कानावर काय पडतं, हाही उपचाराचाच एक भाग आहे. आणि आपल्याकडे नेमकं त्याकडेच कुणाचं लक्ष नाही.

सत्तरी ओलांडली की देवळात होत नाहीत तेवढ्या वाऱ्या दवाखान्यात होतात. महिन्याला बी.पी., तीन महिन्यांनी साखर, मध्येच डोळे, मध्येच दात, गुडघे तर कायमचेच. या सगळ्या वाऱ्यांमध्ये मी जे ऐकलं त्याची यादी ऐका. भिंतीवरच्या टीव्हीवर बातम्या, त्यात चारजण एकमेकांवर ओरडतायत. शेजारच्या खुर्चीवरचा तरुण मोबाईलवर रील्स बघतोय, दर पंधरा सेकंदांनी नवीन गाणं, तेही अर्धं. कंपाउंडर नाव पुकारतोय. दातांचा दवाखाना असेल तर आतून ते मशीन... लिहितानासुद्धा अंगावर काटा आला बघा! आणि या सगळ्यात आपण हातात फाईल धरून, आत काय सांगतील याचा विचार करत बसलेलो. माणूस आधीच घाबरलेला असतो, त्याला आणखी घाबरवायची ही व्यवस्था आपण पैसे खर्च करून केलेली आहे, असं मला कधीकधी वाटतं.

मी मिरजेची. आमच्या गावाची दोन गोष्टींसाठी ख्याती आहे, डॉक्टर आणि तंबोरे. डॉ. विल्यम वानलेस यांनी इथे मिशन हॉस्पिटल काढलं ते एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात. तेव्हापासून आजतागायत कोल्हापूर, विजापूर, बेळगाव कुठकुठून माणसं मिरजेला दाखवायला येतात. आणि सतार-तंबोऱ्यांचं म्हणाल तर पिढ्यानपिढ्या भोपळे वाळवून, कोरून, तारा जुळवून देणारी घराणी इथे आहेत. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ इथेच राहिले. १९३७ साली ते गेले, तेव्हा मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांचं दफन झालं, आणि उरुसाला तिथे दरवर्षी गाणं होतं. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांची गोष्ट तर विलक्षणच आहे. लहानपणी कुरुंदवाडला फटाक्याने डोळ्यांना इजा झाली म्हणून त्यांना उपचारासाठी मिरजेला आणलं, आणि इथेच बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे त्यांचं गाणं सुरू झालं. म्हणजे आले दवाखान्यासाठी आणि लागले गाण्याला! अशा या गावात दवाखाने आणि गाणं यांच्यात चार गल्ल्यांचंही अंतर नाही. पण दवाखान्याच्या आत गाणं काही गेलं नाही. आत गेला तो टीव्ही.

आता कुणी म्हणेल, बाई, दवाखान्यात माणूस बरा व्हायला जातो, मैफिलीला नाही. कबूल. पण भीती म्हणजे नुसती मनाची समजूत नव्हे, ती शरीरात असते. छाती धडधडते, हात गार पडतात, श्वास वर वर चालतो. घरी मोजलं तर नीट भरणारं बी.पी. डॉक्टरांसमोर वाढलेलं दिसतं. त्याला पांढऱ्या कोटाचं बी.पी. म्हणतात, आणि डॉक्टर लोकांना ते चांगलं ठाऊक असतं. म्हणूनच मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसवावं, असा वैद्यकातला नियम आहे. शांत बसवावं! कुठे बसवायचं ते शांत, त्या टीव्हीखाली?

आणि भीतीचा सगळ्यात मोठा तोटा आकड्यात दिसत नाही. तो असा, की माणूस जायचंच टाळतो. आमच्या शेजारच्या वहिनी दाढ दुखत असताना दोन वर्षं लवंग धरून होत्या. शेवटी गाल सुजला, ताप आला, तेव्हा मुलाने उचलून नेलं. जे काम एका भरण्यात झालं असतं त्याला दाढ काढावी लागली. त्यांना विचारलं, वहिनी, इंजेक्शनची भीती वाटते का हो? तर म्हणाल्या, "नाही हो, तो आवाज. बाहेर बसलं की आतला आवाज येतो ना, तिथूनच परत फिरावंसं वाटतं." म्हणजे दोन वर्षांचं दुखणं कशामुळे, तर बाहेरच्या बाकावर ऐकू येणाऱ्या आवाजामुळे.

आमच्या घरातलं उदाहरण सांगते. ह्यांना तीनेक वर्षांपूर्वी पायात मुंग्या यायला लागल्या, चालताना तोल जायचा. डॉक्टरांनी कण्याचा एमआरआय सांगितला. पहिल्यांदा जिथे गेलो तिथे ह्यांना आत सरकवलं आणि चार मिनिटांत हातातला रबरी फुगा दाबून हे बाहेर. घामाघूम झाले होते. तिथल्या मुलाने "आजोबा, घाबरायचं काय त्यात" म्हणून पुन्हा झोपायला सांगितलं, पण ह्यांनी चपला घातल्या आणि सरळ घरी आले. पुढे तीन आठवडे त्या विषयावर घरात बोलायची सोय नव्हती. तोल मात्र जातच होता. एकदा न्हाणीघराच्या उंबऱ्यात धडपडले, तेव्हा मी रडकुंडीला आले. नसेवर दाब असेल तर उशीर परवडत नाही, असं डॉक्टरांनी आधीच बजावलेलं होतं.

दुसऱ्या ठिकाणी गेलो. तिथल्या मुलीने आधी पाच मिनिटं समजावून सांगितलं. आत मोठं लोहचुंबक असतं, त्यातल्या वेटोळ्यांमधून वीज भराभर चालू-बंद होते, त्यामुळे ती थरथरतात, आणि तोच तो ठोकल्यासारखा आवाज. मशीन बिघडलेलं नसतं, काही कोसळत नसतं. मग कानाचं यंत्र काढून ठेवायला सांगितलं (ते आत चालत नाही), कानावर जाड हेडफोन बसवला आणि विचारलं, "आजोबा, काय ऐकणार?" हे म्हणाले, "वसंतराव देशपांडे. कट्यारमधलं काहीही." तिने शोधून लावलं. पंचवीस मिनिटं हे आत होते. बाहेर आल्यावर मी विचारलं, ऐकू आलं का काही त्या ठणठणाटात? तर म्हणाले, "धड काहीच नाही ग. मधूनमधून एखादी तान यायची. पण पुढची जागा मला पाठ आहे ना, ती आता येईल, आता येईल म्हणून वाट बघत पडलो होतो."

मला हे फार महत्त्वाचं वाटतं. यंत्राच्या आवाजापुढे गाणं जवळजवळ हरलेलंच होतं. तरी काम झालं, कारण ते ह्यांचं गाणं होतं. निम्मं हेडफोनमधून येत होतं आणि निम्मं पन्नास वर्षांच्या आठवणीतून. रिपोर्टमध्ये दाब दिसला, वेळेत उपचार झाले, आज हे काठी घेऊन का होईना पण बाजारात जातात. गाण्याने दाब कमी झाला नाही हो, तो डॉक्टरांनी केला. गाण्याने ह्यांना पंचवीस मिनिटं आत पडून राहता आलं, इतकंच. पण त्या "इतकंच"वाचून पुढचं सगळं अडलेलं होतं.

त्यानंतर मी या विषयाच्या मागेच लागले. माझी एक विद्यार्थिनी आता भूलतज्ज्ञ आहे. तिला फोन केला, तर म्हणाली, "बाई, यावर जगभर अभ्यास झालाय, तुम्हाला मराठीत समजावून सांगते." तिने सांगितलेलं माझ्या भाषेत मांडते. २०१३ साली कॉक्रेन या संस्थेने शस्त्रक्रियेआधीच्या भीतीवर झालेले २६ अभ्यास एकत्र तपासले, दोन हजारांहून अधिक रुग्णांचे. ज्यांना संगीत ऐकवलं त्यांची भीती, ज्यांना नाही ऐकवलं त्यांच्यापेक्षा कमी भरली. किती कमी? २० ते ८० गुणांची एक प्रश्नपत्रिका असते, तिच्यावर सरासरी सहाएक गुणांनी. आता मी पडले मास्तरीण, मला गुणांची भाषा लगेच कळते. सहा गुणांनी नापास मुलगा पहिला येत नाही. पण काठावरचा पास होतो. आणि दवाखान्यात काठावरची माणसं पुष्कळ असतात, तो फुगा दाबू की नको अशी.

२०१५ साली 'लॅन्सेट'मध्ये आणखी मोठा आढावा आला, ७३ अभ्यासांचा, जवळजवळ सात हजार रुग्णांचा. शस्त्रक्रियेच्या आधी, चालू असताना किंवा नंतर संगीत ऐकलेल्यांना वेदना कमी जाणवल्या, वेदनाशामकं कमी लागली, भीती कमी झाली. दवाखान्यातला मुक्काम मात्र कमी झाला नाही. मला हे वाक्य आवडलं. जे झालं नाही तेही त्यांनी लिहून ठेवलं.

आणि २०१९ मधला एक अभ्यास तर मला कादंबरीसारखा वाटला. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १५७ रुग्ण घेतले. त्यांना शस्त्रक्रियेआधी नसेजवळ सुई घालून हात किंवा पाय बधिर करायचा होता. निम्म्यांना भीती घालवायचं औषध शिरेतून दिलं, मिडॅझोलॅम नावाचं. उरलेल्यांना फक्त हेडफोन आणि तीन मिनिटं संगीत. भीती दोन्हीकडे सारखीच कमी झाली! पण थांबा, लगेच टाळ्या वाजवू नका. औषधवाले रुग्ण जास्त समाधानी होते. आणि हेडफोनमुळे डॉक्टर आणि रुग्णांना एकमेकांशी बोलणं अवघड गेलं. शिवाय सगळ्यांना एकच संगीत लावलं होतं, 'वेटलेस' नावाचं, मुद्दाम शांत वाटावं म्हणून तयार केलेलं. कुणाला तुम्हाला काय आवडतं ते विचारलेलं नव्हतं. आमच्या ह्यांना ते लावलं असतं तर म्हणाले असते, "हे काय, तंबोरा लावून गवई कुठे गेला?"

ही कल्पना काही आजची नाही. १९१४ साली इव्हान केन नावाच्या अमेरिकन शल्यचिकित्सकाने शस्त्रक्रियेच्या खोलीत फोनोग्राफ ठेवल्याचं तिकडच्या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं होतं. रुग्णाचं मन भीतीकडून दुसरीकडे वळावं म्हणून. (हाच गृहस्थ पुढे १९२१ साली स्वतःचं अपेंडिक्स स्वतःच काढून मोकळा झाला. म्हणजे भीती या विषयात त्याचा अधिकार मोठा.)

मग १९६० च्या आसपास दातांचे डॉक्टर गार्डनर आणि शास्त्रज्ञ लिकलायडर (हेच पुढे इंटरनेटच्या आद्य कल्पकांपैकी एक मानले गेले) यांनी रुग्णाच्या कानाला हेडफोन आणि हातात एक डबी दिली. एरवी संगीत, आणि दुखायला लागलं की धबधब्यासारखा आवाज रुग्णाने स्वतः वाढवायचा. हजार रुग्णांपैकी ६५ टक्क्यांना, म्हणजे ज्यांना आधी भूल किंवा बधिर करणारं औषध लागायचं अशांना, एवढंच पुरलं, असं त्यांनी 'सायन्स'मध्ये लिहिलं. गाजावाजा झाला, यंत्रं निघाली, आणि काही वर्षांत सगळं विरून गेलं. का? तर १९६३ साली मेलझॅक आणि सहकाऱ्यांनी बर्फासारख्या पाण्यात हात घालायला लावून हेच तपासलं. नुसत्या आवाजाने सहनशक्ती वाढली नाही. नुसतं "तुम्हाला आता दुखणार नाही" म्हणून भागलं नाही. दोन्ही एकत्र आले तेव्हा वाढली. म्हणजे कान आणि विश्वास, दोन्ही लागतात. नुसता हेडफोन बसवून निघून गेलात तर उपयोग नाही. त्या एमआरआयच्या मुलीने आधी पाच मिनिटं समजावलं होतं, ते या अभ्यासात चपखल बसतं.

इथे मला आपल्याच माणसांशी थोडं भांडायचं आहे. संगीत आणि आरोग्य म्हटलं की आपल्याकडे लगेच तक्ते फिरायला लागतात. अमक्या रागाने मधुमेह जातो, तमक्या रागाने दमा, दरबारीने बी.पी. उतरतं. सकाळी सहाला असा तक्ता मला कुणीतरी पाठवतंच. मी रागसंगीतावर जीव टाकणारी बाई आहे, पण हे मला अजिबात मान्य नाही. रोग बरा करण्याचा दावा करायला पुरावा लागतो, आणि असा तक्ता वाचून कुणी गोळी बंद केली तर त्याचं पाप रागाच्या माथी कशाला? कुमार गंधर्वांचंच उदाहरण घ्या. क्षयाने फुफ्फुस निकामी झालेलं, १९४८ साली हवापालटासाठी देवासला आले, वर्षानुवर्षं अंथरुणावर. गायला बंदी. खिडकीबाहेरून माळव्याची लोकगीतं कानावर पडायची, ती ते ऐकत राहिले, आणि त्यातून पुढचं केवढं गाणं उभं राहिलं! पण क्षय बरा व्हायला मदत झाली ती स्ट्रेप्टोमायसिनची. औषधाने शरीर उठवलं आणि गाण्याने ती वर्षं रिकामी जाऊ दिली नाहीत. दोघांना आपापलं श्रेय द्यावं, म्हणजे कुणाचाच अपमान होत नाही.

तर माझी पहिली मागणी: टीव्ही बंद. दुसरी: रुग्णाला विचारा. ही दुसरी जास्त महत्त्वाची आहे. कारण डॉक्टरांना शांत वाटणारं गाणं रुग्णाला शांत वाटेलच असं नाही. एका ठिकाणी दिवसभर मंत्राची एकच ओळ लावून ठेवलेली असते. हेतू चांगला आहे. पण माझ्या वयाच्या माणसाला त्या सुरात मंत्र ऐकू आले की पहिला विचार काय येतो सांगू? कुणाच्या तरी उशाशी बसून म्हटलेले मंत्र आठवतात. शेजारच्या आजी तर कानात कुजबुजल्या, "अहो, इतक्यातच सुरू केलं यांनी?" दोघीही हसलो, पण हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट नाही. शिवाय दवाखान्यात सगळ्या धर्मांची माणसं येतात. ज्या गाण्यावर एखादीने मुलाला झोपवलं तेच गाणं दुसरीच्या घरात तेराव्याला लागलं असेल. बाहेरच्या माणसाला हे कळायला मार्ग एकच, विचारणं.

मी शिकवत असताना शाळेत धनुर्वाताची लस टोचायला माणसं यायची. पाचवीची पोरं रांगेत उभी, पुढचा ओरडला की मागचे वीस रडायला तयार. आमच्या पी.टी.च्या सरांनी युक्ती काढली होती. रांगेला गाणं म्हणायला लावायचं, आणि कोणतं ते ज्याची पाळी त्याने सांगायचं. कुणी गीतरामायणातलं सांगायचं, कुणी सिनेमातलं, एक पोरगा दरवेळी राष्ट्रगीतच सांगायचा, म्हणजे सगळ्यांना सावधान उभं राहावं लागे आणि टोचणाऱ्याचीही पंचाईत! पण रडारड पुष्कळ कमी झाली. गाण्यापेक्षा, "माझ्या गाण्यावर सगळे गातायत" याचा तो परिणाम असावा असं मला तेव्हाही वाटायचं. दवाखान्यात गेलं की माणसाच्या हातात काहीच उरत नाही. कपडे ते सांगतील ते, हात ते सांगतील तिथे, श्वास ते म्हणतील तेव्हा. त्यात गाणं तरी माझं असू द्या.

आणि कुणाला काहीच नको असेल तर तेही ऐका. २००६ साली बर्नार्डी यांनी वेगवेगळ्या जातीचं संगीत ऐकवून लोकांचा श्वास आणि नाडी तपासली, त्यात आपला रागही होता. द्रुत लयीने नाडी आणि श्वास वाढले. पण गंमत म्हणजे सगळ्यात शांत अवस्था दिसली ती मध्येच दोन मिनिटं संगीत थांबवलं तेव्हा! ज्यांनी मैफिली ऐकल्या आहेत त्यांना याचं नवल वाटणार नाही. म्हणूनच दिवसभर स्पीकर चालू ठेवणं हा काही उपाय नव्हे. दवाखान्याचं मंगल कार्यालय करायचं नाहीये.

आता आक्षेप. आमचे एक स्नेही म्हणतात, "तीन तास बसवून ठेवतात, किती पैसे होणार ते सांगत नाहीत, आणि वर तुम्ही त्यांना गाणी लावायला सांगता. रडणाऱ्या पोराला चॉकलेट देण्यातला प्रकार." त्यांचं म्हणणं मी टाकून देणार नाही. भीतीला पुष्कळदा खरं कारण असतं. काय करणार आहेत ते कुणी सांगितलेलं नसतं, खर्च झेपेल की नाही माहीत नसतं. त्यावर गाणं हा उपाय नाही, बोलणं हाच उपाय आहे. हेडफोन म्हणजे रुग्णाचं तोंड बंद करायचं साधन झालं तर मी पहिली तो काढून ठेवीन. पण गाणं मागितलं म्हणजे उत्तर मागायचं सोडलं असं कुठे आहे? दोन्ही मागू.

दुसरा आक्षेप जास्त व्यवहारी आहे, आणि तो बरोबरही आहे. काही ठिकाणी रुग्णाला ऐकू येणं आवश्यकच असतं. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन डोळ्यात थेंब घालून झालं. मी पूर्ण जागी. "खाली बघा, दिव्याकडे बघा, मान हलवू नका" हे ऐकू आलंच पाहिजे. तिथे कानात बोळे घालून कसं चालेल? त्या डॉक्टरांनी खोलीतच हळू आवाजात जुनी गाणी लावली होती आणि अधूनमधून "छान चाललंय आजी" म्हणत होते. तिथे तेच योग्य. म्हणजे नियम एक, पण पद्धत जागेप्रमाणे बदलायची. आधी समजावणं, मग विचारणं, मग आवाज बेताचा.

याला खर्च किती? जवळजवळ शून्य. सरकारी दवाखान्यातही जमेल, कारण यात विकत घेण्यासारखं काही नाही, उलट बंद करण्यासारखंच आहे. आणि डॉक्टर करतील तेव्हा करतील, आपण आजपासून करू शकतो. मी काय करते ते सांगते. नातवाकडून मोबाईलमध्ये वीस-पंचवीस मिनिटांचं गाणं उतरवून घेतलंय, कारण तळघरातल्या तपासणी केंद्रात रेंज नसते. विलंबित, आणि शंभरदा ऐकलेलं, नवीन काही नाही. नवीन गाणं ऐकायला लक्ष लागतं, जुनं आपणहून धरून ठेवतं. घरून निघण्याआधी दहा मिनिटं ऐकायला सुरुवात करते, खुर्चीत बसल्यावर नाही. इअरफोन एकाच कानात, दुसरा कान नाव पुकारतील म्हणून मोकळा. बी.पी. मोजायच्या वेळी गाणं बंद, बोलणं बंद. आणि स्पीकरवर कधीच नाही. माझा मारवा हा शेजाऱ्याला त्रास असू शकतो, हे कळण्याइतकं वय झालंय.

आणखी एक. फाईलच्या पहिल्या पानावर आपण रक्तगट लिहितो, कशाची ॲलर्जी आहे ते लिहितो. मी ह्यांच्या फाईलवर त्याच्याच खाली लिहून ठेवलंय: "कानाचं यंत्र आहे, सावकाश बोलावे. नाट्यसंगीत आवडते." पहिल्यांदा एका डॉक्टरांनी ते वाचून चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मग ह्यांच्याकडे वळून म्हणाले, "बालगंधर्व की दीनानाथ?" ह्यांचा चेहरा असा काही खुलला की पुढची सगळी तपासणी कधी झाली ते ह्यांना कळलंही नाही. त्या दिवशी खोलीत एकही सूर वाजलेला नव्हता.

तुमच्या घरात कुणी म्हातारं माणूस असेल, किंवा तुम्हीच असाल, तर आज संध्याकाळी एवढं विचारून ठेवा, तुम्हाला काय ऐकायला आवडेल? वेळ आली की विचारायला कुणाला सुचत नाही. आणि पुढच्या वेळी दवाखान्यात गेलात, टीव्हीवर आरडाओरडा चालू असला, तर काउंटरवरच्या मुलीला हसून सांगा, "बाळ, तेवढा आवाज बंद करतेस का?" मी तीन ठिकाणी सांगून पाहिलंय. दोन ठिकाणी केला. तिसऱ्या ठिकाणी म्हणाल्या, रिमोट हरवलाय.

असो. रिमोट सापडेपर्यंत मी सांगत राहणार आहे.